संन्याशाची कमाई

ज्याने सर्व काही सोडले त्याला काय मिळते, हा प्रश्न मुळातच चमत्कारिक आहे. मिळवायचेच असते तर त्याने सोडले कशाला असते? पण आपल्या पुराणांनी, पोथ्यांनी आणि कीर्तनकारांनी हा प्रश्न बिनदिक्कत विचारला आहे आणि त्याची उत्तरेही सढळ हाताने दिली आहेत. तप केले की वर मिळतो. एका पायावर उभे राहिले, नुसता वारा भक्षण केला, की इंद्राचे आसन डळमळू लागते आणि देवाला यावेच लागते. तप करणारा सज्जन आहे की दुर्जन याची चौकशी तिथे होत नाही. हिरण्यकशिपूलाही वर मिळाला आणि भस्मासुरालाही मिळाला. कामावर हजेरी लावली की शनिवारी मजुरी मिळावी, तसा हा व्यवहार आहे. फरक इतकाच, की इथला मालक मजुरी बुडवू शकत नाही.

लहानपणापासून ऐकलेला हा हिशेब मी यंदाच्या उन्हाळ्यात प्रथमच कागदावर, आकडे मांडून तपासला, आणि तोही एका परदेशी खेळाच्या निमित्ताने. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांनी या खेळाचे नाव ऐकले असेल. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे ते नाव. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. याला पट लागतोच असे नाही, सोंगट्याही लागतातच असे नाही. चारपाच जण वर्तुळ करून बसतात. एक जण निवेदक होतो आणि बाकीचे एकेक सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. निवेदक सांगतो, "तुम्ही एका पडक्या वाड्यापाशी आला आहात, आत दिवा दिसतो आहे." मग सोंगे ठरवतात काय करायचे ते. केलेले साधते की फसते हे वीस बाजूंच्या फाशाने ठरते. अर्धे भारूड आणि अर्धे द्यूत असा हा प्रकार आहे. मी कादंबऱ्या लिहितो. मला तर असे वाटले, की चार माणसे मिळून एक कादंबरी लिहीत आहेत आणि संपादकाच्या जागी फासा बसवला आहे. आमच्या काही संपादकांपेक्षा तो निःपक्षपाती असतो, हेही सांगून टाकतो.

या सोंगांत एक सोंग संन्याशाचे आहे. ते 1975 च्या 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीत प्रथम आले. हा संन्यासी ख्रिस्ती मठातला नव्हे. तो पूर्वेकडचा, चिनी मठात कुस्ती-मुष्टी शिकलेला, निःशस्त्र लढणारा. 1978 च्या नियमग्रंथात त्याच्यावर घातलेली बंधने वाचण्यासारखी आहेत. मंतरलेली शस्त्रे त्याने दोनांहून अधिक जवळ ठेवू नयेत, इतर मंतरलेल्या वस्तू तीनांहून अधिक ठेवू नयेत. इथवर ठीक आहे, अपरिग्रहाचे व्रत म्हणून ते आपल्याला पटते. पण पुढे असे आहे, की वरच्या पायऱ्यांवर संन्याशांची संख्या मर्यादित असते. एका पायरीवर एकच. तिथे चढायचे तर आधी तिथे बसलेल्या संन्याशाला द्वंद्वात हरवावे लागते आणि हरलेला खाली उतरतो. सर्वांत वरच्या, सतराव्या पायरीवरच्या संन्याशाची पदवी 'पुष्पांचा महागुरू' अशी आहे. फुलांचे नाव घेणाऱ्या या सत्पुरुषाने आपल्या आधीच्या महागुरूला लाथाबुक्क्यांनी खाली ओढलेले असते! हे वाचून मी हसलो. मग आपल्याकडच्या काही मठांच्या गादीचे कोर्टात चाललेले खटले आठवले आणि हसू आवरले. गायगॅक्सने गंमत म्हणून लिहिले असेल, पण त्याचे निरीक्षण काही खोटे नव्हते.

पुढे नियम सौम्य झाले. 2014 च्या आवृत्तीत द्वंद्वाची अट नाही. तिथे संन्याशाजवळ 'की' नावाची शक्ती असते. आपण तिला प्राण म्हणू. जितकी पायरी तितके प्राणाचे अंश. ते खर्चून तो जास्त वार करतो, जास्त पळतो. संपले की तासाभराची विश्रांती घ्यायची आणि तीतला निदान अर्धा तास ध्यानाला बसायचे, की घागर पुन्हा भरली. दहाव्या पायरीवर त्याला रोग आणि विष बाधत नाही. पंधराव्या पायरीवर म्हातारपणाची दुर्बलता उरत नाही आणि अन्नपाणी लागत नाही. 2024 च्या आवृत्तीत 'की' हे नाव काढून 'फोकस' असा शब्द घातला आहे. पूर्वेचा शब्द गेला, घागर तीच राहिली.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो चित्रामुळे. मी मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि मास्तर झालो. ज्या शाळेत मी शिकवतो तिथून हिवरे बाजार दूर नाही. त्या गावचा माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला इंजिनियरिंग शिकतो. मेच्या सुटीत तो वह्या घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला एका संन्याशाचं चित्र काढून द्या. आपल्याकडचा पाहिजे. चिनी नको." चौकशी केल्यावर कळले, की या खेळात तिसऱ्या पायरीवर संन्याशाला एक पंथ निवडावा लागतो. त्या पंथाची खास देणी त्याला तिसऱ्या, सहाव्या, अकराव्या आणि सतराव्या पायरीवर मिळतात. पुस्तकातले पंथ पुरेनात म्हणून खेळणारे स्वतःचे पंथ रचतात. याला ते 'होमब्रू' म्हणतात. हा शब्द त्याने आपल्या आजोबांसमोर उच्चारला आणि त्यांनी अर्थ विचारला. त्याने सरळपणे सांगितले, "घरी गाळलेली." म्हातारा उठूनच बसला. या गावात एके काळी हातभट्ट्या होत्या आणि त्या बंद पाडण्यात या म्हाताऱ्याचाही हात लागलेला होता. खेळाचे नियम घरी गाळतात हे त्यांना पटवायला अर्धा दिवस गेला.

त्याने आणलेला पहिला आराखडा नाथपंथाचा होता. ते साहजिकच आहे. आमच्या जिल्ह्यात नाथांची ठिकाणे पावलोपावली आहेत. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे, आणि गर्भगिरीच्या डोंगरांत गोरक्षनाथांच्या कथा अजून माणसे हात दाखवून सांगतात, "ते तिथं घडलं." धुंडीसुत मालूंचा 'नवनाथ भक्तिसार' घराघरांत वाचला जातो, आणि त्यात अस्त्रांची, मोहिनीची, परकायाप्रवेशाची इतकी रेलचेल आहे, की अमेरिकन नियमग्रंथ त्यापुढे कोमट वाटावा. मुलाने तिसऱ्या पायरीला वाऱ्याचे अस्त्र दिले होते, सहाव्याला भस्माची चिमूट आणि अकराव्याला डोंगर सोन्याचा करण्याची विद्या.

मी त्याला त्या सोन्याच्या डोंगराची गोष्ट पुरी आठवते का असे विचारले. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले, गोरक्षांनी त्यांना तिथून काढून आणले. वाटेने चालताना गुरू पुनःपुन्हा विचारतात, पुढे चोराचे भय तर नाही ना? शिष्याला नवल वाटते. जोग्याला चोराचे भय कसले? मग झोळीत सोन्याची वीट आहे हे त्याच्या ध्यानात येते. तो ती वीट फेकून देतो. गुरू शोक करू लागतात तेव्हा तो सबंध डोंगर सोन्याचा करतो आणि म्हणतो, हवे तितके घ्या. आता या गोष्टीत शक्ती कुठे आहे? पोथी ऐकणाऱ्या दहांतले नऊ जण म्हणतील, डोंगर सोन्याचा करण्यात. पण डोंगर केवळ गुरूच्या समाधानासाठी झाला. खरे काम त्याआधीच होऊन गेले होते. वीट दरीत गेली तेव्हा. फासा टाकावा असा प्रसंग वीट फेकण्याचा आहे, आणि त्यासाठी प्राणाचा एकही अंश लागत नाही. मग त्याची नोंद नियमात करायची कशी?

माझा विद्यार्थी हुशार आहे. तो म्हणाला, "सर, वीट फेकणं ही पॉवर होऊ शकत नाही. ते कुणीही करू शकतं." मी म्हटले, "कुणीही करू शकतं, पण करत कोण?"

सिद्धींविषयीचा हा संशय गोरक्षांच्या गोष्टीपुरता नाही. पतंजलीने योगसूत्रांत सिद्धींची लांबलचक यादी दिली आणि मध्येच सांगून टाकले, की समाधीच्या वाटेवर हे अडथळे आहेत. बौद्धांच्या विनयात पिंडोल भारद्वाजाची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे भिक्षापात्र उंच वेळूवर टांगले आणि ज्याच्या अंगी ऋद्धी असेल त्याने ते काढून न्यावे असे आव्हान दिले. पिंडोल आकाशात उडाला, पात्र घेतले, नगरावरून फिरला. लोकांनी जयजयकार केला. बुद्धाने त्याची कानउघाडणी केली, गृहस्थांसमोर असे चमत्कार दाखवण्यावर बंदी घातली, पात्र फोडायला लावले आणि त्याची पूड भिक्षूंच्या डोळ्यांच्या अंजनासाठी वाटून टाकली. विनयातले बहुतेक नियम असेच, काहीतरी घडल्यावर, त्या त्या प्रसंगी केलेले आहेत. पाली परंपरेत भिक्षूंसाठी ते 227 झाले. घरी गाळलेले नियम म्हणतात ते हेच. आधी कुणीतरी पात्र काढून आणतो, मग नियम होतो.

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्यांनी 1290 साली गीतेवर टीका सांगितली त्या ज्ञानदेवांच्या भेटीला चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन आले, ही कथा कुणाला ठाऊक नाही? चौदाशे वर्षे योगबळाने जगलेला माणूस. अमेरिकन नियमात त्याची पायरी पंधरावी तरी धरावीच लागेल. तो आला आणि समोरून भावंडे भिंतीवर बसून आली. इथे आमचे कीर्तनकार टाळ्या घेतात. मला मात्र ही भिंत नेहमी थोडी खटकते. वाघाला उत्तर म्हणून भिंत चालवली तर ती पुन्हा त्याच हिशेबातली, मोठ्या आकड्याची शक्ती झाली. चांगदेव खरा हरला तो आधीच, पत्र लिहिताना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे न सुचून त्याने कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षांच्या तपाने एक मायना सुचू नये! भिंत चालली नसती तरी काही बिघडले नसते.

हे सगळे ऐकून मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं खरं आहे. पण खेळात तसं चालत नाही. प्रत्येक पायरीला काहीतरी मिळालं पाहिजे. नाहीतर हा पंथ कोणीच घेणार नाही. शेजारचा जादूगार आगीचे गोळे फेकतोय आणि आपला माणूस नुसता विटा फेकतोय, हे कसं चालेल?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. खेळ म्हणजे काही प्रवचन नव्हे. पण आपल्याकडे असाही एक खेळ होऊन गेला आहे ज्यात सद्गुणाची कमाई खेळणाऱ्याच्या हातात नव्हती. तो म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावावर सांगते. घराघरांवर गुण आणि दोष लिहिलेले, दोषाच्या घरात साप, गुणाच्या घरात शिडी, वर मोक्ष. इंग्रज तो आपल्या देशी घेऊन गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची 'स्नेक्स अँड लॅडर्स' झाली. त्यातले तत्त्वज्ञान उतरत गेले आणि साप तेवढे उरले. मोक्षपटात निवड नाही. कवड्या पडतील तसे चालायचे. दया तुमच्या वाट्याला येते ती तीन पडले म्हणून. क्रोध गिळतो तो चार पडले म्हणून. आधुनिक मनाला हा प्रकार फार निर्दय वाटतो. मला त्यात एक शहाणपण दिसते. आपण दयाळू झालो याचे श्रेय आपण घेऊ नये, कवड्यांना द्यावे, असे तो पट सांगतो. एका खेळात सद्गुण हे दान आहे, दुसऱ्यात ती मजुरी आहे. या दोहोंच्या मध्ये माणूस जिथे प्रत्यक्ष जगतो ती जागा मात्र रिकामीच राहते.

ती जागा शोधायला आम्हांला लांब जावे लागले नाही, कारण आम्ही हिवरे बाजारातच बसलो होतो. या गावाची कीर्ती आता इतकी झाली आहे, की बसेस भरून माणसे बघायला येतात, आणि 2020 साली पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. त्यामुळे मी विस्तार करत नाही. 1972 च्या दुष्काळानंतरची वर्षे या गावाला फार वाईट गेली. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसे नगर-पुण्याच्या वाटेला लागलेली, आणि राहिली त्यांत दारू आणि मारामाऱ्या. 1989 नंतर पवार सरपंच असताना पुढे गाव आदर्शगाव योजनेत आले. डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. पण खणणे कुठेही होते; सरकारी पैसा आला की खणले जाते. या गावाने त्याबरोबर काही गोष्टी सोडल्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पाचांपैकी चार शब्द बंदीचे आहेत. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरले, ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके नकोत असे ठरले, बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असे ठरले. पडलेला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि पिण्याला किती, जनावरांना किती, मग शेताला किती, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. संन्याशाची व्रते एका सबंध गृहस्थ गावाने घेतली.

आणि गावाला कमाई झाली! विहिरींना पाणी आले, गवत आले, दूध आले, गेलेली कुटुंबे परतली. मग हा त्याग म्हणायचा की गुंतवणूक? मुलाला वाटले, झाले, प्रश्न सुटला. सोडले की मिळते, फक्त उशिरा मिळते. पुराणातला वर तो हाच.

मी म्हटले, "तुझ्या आजोबांना विचार, चराईबंदी आली तेव्हा शेळ्या कुणाच्या होत्या."

डोंगरावर जनावर सोडायचे नाही, गवत विळ्याने कापून न्यायचे, हा नियम सर्वांना सारखाच होता. पण सारखा नियम सर्वांना सारखाच जड नसतो. ज्याच्या दावणीला म्हैस होती त्याने भारा आणून टाकला. ज्याचे पोट पाचपंचवीस शेळ्यांवर होते, शेळी बांधून चारणे ज्याला परवडत नव्हते, त्याने शेळ्या विकल्या. पाणी वाढले ते विहिरीत वाढले आणि विहीर ज्याची त्याची होती. शेळ्या विकणाऱ्याला पुढे काम मिळाले, गावातच मिळाले, हेही खरे; त्याचे वाईटच झाले असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्या दिवशी शेळ्या बाजारात गेल्या त्या दिवशी पाणी कुणीही पाहिले नव्हते, आणि पुढे जे आले ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या मोटारीतून बाहेर पडले. सोडणारा एक आणि पावणारा दुसरा. पुराणातल्या तपाहून हा व्यवहार निराळा आहे. हिरण्यकशिपूने तप केले आणि वर शेजाऱ्याला मिळाला, अशी कथा आपल्याकडे नाही.

अशी एक कथा जवळपास आहे, एकनाथांची. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेले असताना वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि त्यांनी ती कावड त्याच्या तोंडात ओतली. वीट फेकण्यापेक्षा ही गोष्ट अवघड आहे. वीट म्हणजे सोने. पण कावड म्हणजे सबंध यात्रेचे पुण्य. नाथांनी पुण्यच ओतून टाकले, तेही गाढवाला. पण आमच्या कीर्तनकारांना तिथेही राहवत नाही. ते म्हणतात, त्या गाढवात रामेश्वर प्रकटला आणि कावड पोचली! म्हणजे पावती मिळाली. गाढव हे गाढवच राहिले, पाणी पिऊन आपल्या वाटेने गेले, असे सांगायला काय हरकत आहे? माझ्या दृष्टीने कथा तिथेच पुरी होते.

या कथेवरून आमच्या पंथाचे नाव ठरले. 'वारकरी' हे नाव मुलाने सुचवले होते, पण वारकरी हा संसारी माणूस. त्याला संन्याशाच्या खान्यात घातला तर पंढरपूरपर्यंत भांडण जाईल. आम्ही 'पाणक्या' हे नाव घेतले. नाथांच्या घरी देवाने श्रीखंड्या होऊन पाणी भरले अशी आख्यायिका आहेच. नियम असा केला: तिसऱ्या पायरीपासून पाणक्याचा प्राण त्याला स्वतःसाठी खर्चता येत नाही, फक्त सोबत्यांना देता येतो. सहाव्या पायरीवर सोबत्यावर बसणारा घाव तो आपल्या अंगावर घेऊ शकतो. अकराव्यावर, विश्रांतीच्या वेळी त्याच्या घागरीत जे उरले असेल ते बाकीच्यांच्या जखमा भरायला जाते, आणि सकाळी तो रित्या घागरीने उठतो. सतराव्या पायरीचे ठरत नव्हते. तिथे मुलाने रेघ ओढून ठेवली.

मग ओट्यावर चाचणीचा डाव झाला. मुलगा निवेदक, गावातली दोन पोरे, आणि नववीत शिकणारी त्याची चुलत बहीण. पाणक्या कुणी घेईना. शेवटी तिने घेतला. तासाभरात जे झाले ते आमच्या दोघांच्याही आराखड्यात नव्हते. योद्धा झालेल्या पोराने प्राण मागितला. तिने विचारले, "कशाला पाहिजे?" त्याने सांगितले, दोनदा वार करायचा आहे. ती म्हणाली, "एकाने भागतंय की. दोन घागरी प्यायला ठेवायच्या आहेत." योद्धा चिडला. "तुझं काम देणं आहे, विचारणं नाही." ती म्हणाली, "मग उसालाच दे की सगळं पाणी." ओट्यावर बसलेले आजोबा पहिल्यांदाच हसले. डाव संपेपर्यंत त्या चौघांत खरी सत्ता कुणाची होती हे सांगायला नको. जिच्याजवळ एकही वार नव्हता तिच्या परवानगीवाचून कुणाला तलवार उचलता येत नव्हती.

हे पाहून मी रात्रभर विचार करत राहिलो. आम्ही पाणक्याच्या सगळ्या सिद्धी काढून घेतल्या होत्या आणि त्याला सर्वांत मोठी सिद्धी देऊन बसलो होतो. ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याला दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार आपोआप येतो. विनोबांनी 1951 साली पोचमपल्लीपासून भूदानाची पदयात्रा सुरू केली आणि पुढे ते जमीनदारापुढे उभे राहून सहावा हिस्सा मागत गेले. स्वतःच्या नावावर काही नाही म्हणूनच त्यांना तो मागता आला. उपोषणाला बसलेल्या माणसापुढे सरकारे हलतात ती याच कारणाने. हा अधिकार विनोबांच्या हाती शोभतो. पण तो ज्याच्या हाती जाईल तो प्रत्येक जण विनोबा असेल याची हमी कोण देणार? आणि घराघरांत अशा किती आया, किती थोरले भाऊ आहेत, ज्यांनी स्वतःसाठी काही घेतले नाही आणि त्या एका गोष्टीवर सबंध घराला धाकात ठेवले! माझ्या एका कादंबरीतली म्हातारी मी अशीच रंगवली होती. वाचकांनी तिला देवता मानले आणि पत्रे पाठवली. असो.

दुसऱ्या दिवशी मुलाने उपाय काढला. पाणक्याने आपला प्राण मध्ये ठेवलेल्या रांजणात ओतायचा. ज्याला हवा त्याने घ्यायचा. कुणी घेतला हे पाणक्याने पाहायचे नाही. म्हणजे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणारा ओशाळा नाही. मला ते फार सुंदर वाटले. मुलगी म्हणाली, "पहिल्याच डावात आटेल." डाव मांडला, आणि पहिल्याच डावात रांजण आटला. मग तिने सांगितले तसा नियम झाला: रोज सकाळी रांजणात किती आहे ते मोजायचे, सगळ्यांनी मिळून वाटणी ठरवायची, आणि त्या बैठकीत पाणक्याचे मत इतरांसारखे एकच. हे तिने कुठून आणले ते उघड आहे. तिने ग्रामसभा पाहिलेली आहे.

"मग पाणक्याला उरलं काय?" मुलाने विचारले. "स्वतःसाठी खर्चायचं नाही, वाटणीवर हुकूम नाही. नुसतं आणून ओतायचं. हे सोंग घेणार कोण?"

"मी घेईन," ती म्हणाली. "मला विहिरीपर्यंत एकटीला जाता येतं. तिथं काय दिसतं ते तू फक्त मलाच सांगतोस."

हे खरे होते. निवेदक म्हणून तो विहिरीची वाट फक्त पाणक्यालाच सांगत असे. बाकीचे वाड्यात लढत असत. ती वाट ती दर वेळी बारकाईने विचारून घेई. बांधावर काय आहे, पाणी किती खाली आहे, दगडावर दोर घासून खाच पडली आहे का. याला कमाई म्हणावे की नाही याचा निर्णय मी अजून केलेला नाही. मी त्याला चित्र काढून दिले. झोळी काढली नाही, भस्म काढले नाही. खांद्याला कावड आणि कावडीच्या काठीखाली चुंबळीसारखे दुमडलेले धोतर, एवढेच काढले.

सुटी संपली, मुलगा पुण्याला गेला आणि तिथल्या मित्रांत त्याने पाणक्या खेळवला. परवा त्याचा फोन आला. तिथल्या एका पोराने पाणक्या घेतला आणि विहिरीवरून आणलेले पाणी रांजणात न ओतता वाटेतच सोन्याच्या मोहरांना विकले. स्वतःसाठी त्याने प्राणाचा एक अंशही खर्चला नाही, त्यामुळे नियम काही मोडला नाही. विकू नये असे आम्ही कुठे लिहिलेच नव्हते. मुलगा म्हणतो, एक बंदी आणखी घालू. मी म्हणतो, जरा थांब. बंदीने तो विकणार नाही, पण मग त्याने ओतले हे आपल्याला कळेल कसे? आणि ती नववीतली मुलगी, जी आता दहावीत गेली आहे, म्हणते की बंदी मुळीच घालू नका, त्याला विकू द्या, आणि त्या टोळीला तहान लागली म्हणजे काय होते तेवढे मला कळवा. सतराव्या पायरीचा रकाना अजून रिकामा आहे.